हिरडी आणि हृदय : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

गारखेड्याच्या बाजूनं पुंडलिकनगरात शिरलं की औषधांची दुकानं, दातांचे दवाखाने आणि पानटपऱ्या थोड्या थोड्या अंतरावर भेटत राहतात. बीपीची गोळी, दाढदुखीची गोळी आणि तंबाखूची पुडी घेणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्याच्या दुखण्याची वाटणी मात्र झालेली असते. छातीत धडधडलं की फिजिशियन, दाढ ठणकली की डेंटिस्ट. फिजिशियन त्याला तोंड उघडायला सांगतात ते घसा किंवा जीभ बघण्यापुरतं, आणि डेंटिस्टच्या खुर्चीत बीपी मोजलं जातंच असं नाही. या दोन टेबलांच्या मधल्या जागेत एक अभ्यासक्षेत्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभं राहिलं आहे. पुढची प्रकरणं त्याची ओळख करून देतात.

ती कोणी वाचावीत? बी.डी.एस.च्या विद्यार्थ्यांनी, परिचारिकांनी, आशाताईंनी, फॅमिली डॉक्टरांनी. आणि घरात हृदयाचं ऑपरेशन झालेलं माणूस आहे म्हणून धास्तावलेल्या मुलामुलींनीही. आधीची तयारी फारशी लागत नाही. एकच पथ्य आहे. ‘दात घासा, हार्ट अटॅक टाळा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. ते थोडा वेळ बाजूला ठेवायचं. ते साफ खोटं नाही, पण सिद्ध झालेलंही नाही, आणि या विषयातलं खरं शिकण्यासारखं जे आहे ते याच दोन टोकांच्या मध्ये आहे. तोंड आणि हृदय यांच्यात एक नव्हे, तीन वेगवेगळे संबंध आहेत. तिन्हींच्या पुराव्याचं वजन सारखं नाही. गोंधळ होतो तो एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडल्यामुळे.

आधी हिरडी जवळून पाहू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी माणसातही 1 ते 3 मिलिमीटर खोलीची एक खाच असते. ती मोजायला प्रोब नावाची बारीक सळई वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रोबच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी असतो आणि 3.5 ते 5.5 मिलिमीटरच्या दरम्यान काळा पट्टा. प्रोब हलक्या हातानं खाचेत सरकवायचा आणि पट्ट्याकडे बघायचं. पट्टा पूर्ण दिसला तर काळजी नाही. अर्धवट बुडाला तर हिरडी दातापासून सुटू लागली आहे. पूर्ण दिसेनासा झाला तर खाच निदान 6 मिलिमीटर खोल आहे आणि दात धरून ठेवणारं हाड झिजलेलं आहे. प्रोब बाहेर काढल्यावर काही सेकंदांत हिरडीच्या कडेला रक्ताचा थेंब उमटतो. रुग्ण म्हणतो, “दुखत तर काहीच नाही, डॉक्टर.” या आजाराची खोडी नेमकी तीच आहे, तो बराच काळ दुखत नाही. बोलीत त्याला पायोरिया म्हणतात, शास्त्रात पेरिओडॉन्टायटिस. बऱ्याच दातांभोवती तो पसरला की सुजलेल्या, सोललेल्या अस्तराचं एकूण क्षेत्रफळ 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरू शकतं, असा अंदाज मांडला गेला आहे. हातावर एवढी जखम वर्षभर वाहत राहिली असती तर आपण स्वस्थ बसलो नसतो.

हे सुरू कशानं होतं, याचं उत्तर 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहुस शहरात मिळालं. हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे दातावरचा जंतूंचा थर हे हिरडीच्या सुजेचं कारण आहे, याबद्दल शंका उरली नाही. पण सूज म्हणजे हाडाची झीज नव्हे. याच लोए यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या 480 पुरुष मजुरांची 15 वर्षं पाहणी केली आणि 1986 मध्ये ती प्रसिद्ध केली. दंतवैद्य नाही, ब्रश नाही, सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण. तरीही 8 टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि 11 टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. घाण सारखीच, परिणाम वेगळा. शरीर जंतूंना कसं उत्तर देतं यावर बरंच अवलंबून असतं. हृदयाच्या प्रकरणांत ही गोष्ट वारंवार उपयोगी पडेल.

आता पहिला संबंध. तो झडपेचा आहे आणि तिन्हींत सर्वांत भक्कम आहे. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरतात. ओकेल आणि एलियट यांनी 1935 मध्ये दात काढल्यावर लगेच रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस सापडले. 2008 मध्ये अमेरिकेतल्या पीटर लॉकहार्ट यांच्या गटानं 290 जणांवर हीच गोष्ट काटेकोरपणे तपासली. नुसतं दात घासल्यावर 23 टक्के लोकांच्या रक्तात हृदयाच्या अस्तराला बाधू शकणारे जंतू दिसले, दात काढल्यावर 60 टक्के, आणि आधी अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देऊन दात काढल्यावर 33 टक्के. आकडे वाचून ब्रश फेकून देऊ नये. झडपा निरोगी असतील तर हे पाहुणे थोड्याच वेळात संपतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. झडप खडबडीत असेल, कृत्रिम असेल, तर मात्र ते तिथे ठाण मांडतात. त्यातून होणारा आजार म्हणजे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. विल्यम ऑस्लर यांनी 1885 मध्ये लंडनमध्ये या आजारावर दिलेली व्याख्यानं आजही वाचण्यासारखी आहेत. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा ताप, थकवा, घटणारं वजन. आणि वेळीच ओळखलं नाही तर मृत्यू.

मराठवाड्याच्या वाचकानं इथे जरा थांबावं, कारण आपल्याकडे खडबडीत झडपा पुष्कळ आहेत. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जंतूची बाधा होते. काही मुलांना नंतर संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात, उतरतात आणि घरचे विसरून जातात. वीस-पंचवीस वर्षांनी, बहुतेक वेळा बाळंतपणात किंवा चढ चढताना दम लागला म्हणून, मायट्रल झडप आकसल्याचं निदान होतं. पहिल्या जंतूनं झडप बिघडवलेली असते. तोंडातला दुसराच जंतू, व्हिरिडान्स गटातला स्ट्रेप्टोकॉकस, त्या बिघडलेल्या झडपेवर घर करू शकतो. दोघांची नावं सारखी असल्यामुळे परीक्षेतही त्यांची गल्लत होते.

अशा माणसाला दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस द्यावा का? अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2007 मध्ये यादी आखडती घेतली: कृत्रिम झडप, पूर्वी होऊन गेलेला एंडोकार्डायटिस, काही ठरावीक जन्मजात दोष, आणि प्रत्यारोपण केलेल्या हृदयात बिघडलेली झडप. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2008 मध्ये एक पाऊल पुढे जाऊन सरसकट डोस देणंच थांबवायला सांगितलं. संधिवाती तापानं बिघडलेल्या झडपा अमेरिकेच्या यादीत नाहीत. न्यूझीलंडनं मात्र त्या आपल्या यादीत ठेवल्या, ऑस्ट्रेलियानं आपल्या मूलनिवासी रुग्णांसाठी ठेवल्या. कारण त्यांच्या समाजांत हा आजार टिकून आहे. मग आपण कोणाची यादी वापरायची? डोसाचा निर्णय त्या त्या रुग्णाच्या हृदयरोगतज्ज्ञाचा. पण हा प्रश्न आपल्या शहरातल्या अभ्यासकाचा आहे, बोस्टनमधल्या नव्हे. एका गोष्टीवर मात्र सगळ्या याद्यांचं एकमत आहे: झडपेचा दोष असलेल्या माणसाचं तोंड कायम निरोगी ठेवणं हे वर्षातून एकदा घेतलेल्या डोसापेक्षा महत्त्वाचं.

दुसरा संबंध हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा आहे. वर्तमानपत्रांत गाजतो तो हाच. 1989 मध्ये हेलसिंकीच्या किम्मो मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेले 100 रुग्ण आणि 102 निरोगी माणसं यांच्या तोंडांची तुलना केली. रुग्णांची तोंडं अधिक खराब निघाली. 1993 मध्ये डीस्टेफानो यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या 9,760 जणांची माहिती चाळून सांगितलं की पेरिओडॉन्टायटिस असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी जास्त आहे. पुढे 2000 मध्ये फिलिप हुजोएल यांनी त्याच पाहणीची माहिती घेतली, तंबाखू आणि इतर कारणांचा हिशेब अधिक काटेकोर केला, आणि ठाम असा संबंध उरत नाही असा निष्कर्ष काढला. माहिती तीच, उत्तर वेगळं. माझी नव्या अभ्यासकाला शिफारस अशी की हे दोन्ही निबंध एकाच बैठकीत वाचावेत. आकडेवारीच्या पाठ्यपुस्तकात जे महिनाभर कळत नाही ते इथे एका दुपारी कळतं.

संबंध असलाच तर तो घडतो कसा? दोन शक्यता मांडल्या जातात. हिरडीतले जंतू रक्तावाटे थेट वाहिनीच्या भिंतीपर्यंत पोचतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंचा डीएनए वाहिन्यांतल्या चरबीच्या थरांत सापडलेला आहे. दुसरी शक्यता अशी की हिरडीतली कायमची धुसफूस शरीरभर दाह वाढवते आणि रक्तातलं सीआरपी हे दाहाचं मोजमाप चढतं ठेवते. या दुसऱ्या शक्यतेची एक देखणी कसोटी 2007 मध्ये मॉरिझियो टोनेटी आणि फ्रान्चेस्को डायुतो यांनी लावली. तीव्र पेरिओडॉन्टायटिसच्या 120 रुग्णांपैकी निम्म्यांना सखोल उपचार दिले, निम्म्यांना साधी साफसफाई. सखोल उपचारांनंतर 24 तासांत त्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांची फैलावण्याची क्षमता आधी घसरली. सहा महिन्यांनी ती दुसऱ्या गटापेक्षा चांगली झाली होती. आधी बिघाड, मग सुधारणा! हिरडीत हात घातला की दूरच्या वाहिनीला खबर लागते, एवढं यातून पक्कं होतं. हार्ट अटॅक टळतो का, हे मात्र यातून कळत नाही. तेवढ्यासाठी हजारो रुग्ण आणि अनेक वर्षं लागतात.

2010 मध्ये स्कॉटलंडच्या आरोग्य पाहणीतल्या 11,869 जणांचा अभ्यास आला. दिवसातून दोनदा दात घासणाऱ्यांच्या तुलनेत क्वचित घासणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे 70 टक्क्यांनी जास्त आढळला. बातम्या झाल्या त्या या आकड्याच्या. पण जो माणूस दातच घासत नाही तो व्यायाम करतो का, धूम्रपान करतो का, बीपीची गोळी वेळेवर घेतो का? संशोधकांनी यातल्या बऱ्याच गोष्टींचा हिशेब केला होता, तरी निष्काळजीपणा पूर्णपणे मोजणारी पट्टी कोणाकडेच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 मध्ये पाचशेहून अधिक निबंध चाळून जो निवाडा दिला तो प्रत्येक विद्यार्थ्यानं आठवणीत ठेवावा: इतर ज्ञात कारणं वजा केल्यावरही हिरडीचा आजार आणि वाहिन्यांचा आजार सोबत आढळतात, पण एकामुळे दुसरा होतो, किंवा हिरडीवर उपचार केल्यानं हृदयविकार टळतो, हे सिद्ध नाही.

सावध राहण्याचं आणखी एक कारण इतिहासात आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यानं 1900 मध्ये तोंडातल्या पुवाला नाना रोगांचं मूळ ठरवलं; 1910 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या भाषणात त्यानं तोच मुद्दा जोरात मांडला. पुढची दोन-तीन दशकं संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी हा प्रकार भयानक टोकाला नेला. लाट ओसरली तेव्हा तिच्यासोबत खरा भागही वाहून गेला आणि तोंडाचा विचार करणं वैद्यकानं बराच काळ सोडून दिलं. आपल्याकडे मोह वेगळ्या प्रकारचा असतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात दातवण कोणत्या झाडाचं, किती लांबीचं, किती जाडीचं असावं हे सांगितलं आहे, आणि ते कोणी करू नये त्या यादीत हृद्रोगीही आहे. वाचून चकित व्हायला होतं. तरी वाग्भटाला रक्तात शिरणारे जंतू ठाऊक होते असं यावरून म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडी आपलं उत्तर घालणं. त्याच यादीत अजीर्ण, ताप आणि खोकलाही आहेत.

तिसरा संबंध सामाईक मुळांचा. पुंडलिकनगरसाठी सर्वांत महत्त्वाचा हाच, आणि सर्वांत कमी लिहिला गेला तोही हाच. हिरडीचं आणि हृदयाचं नुकसान करणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकच आहेत. तंबाखू पहिली. 2016-17 च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारण चार प्रौढांपैकी एक जण तंबाखू वापरतो आणि त्यात धूर न काढणाऱ्या तंबाखूचा वाटा फार मोठा आहे. गावाकडून शहरात आलेल्या घरांत आजी-मावशी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावतात, दात घट्ट राहतात म्हणून. म्हणजे तंबाखू इथे दंतमंजनाच्याच वेषात येते. मंजन-पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारनं 1992 मध्ये बंदी घातली, राज्यानं 2012 मध्ये गुटखा बंद केला. पण घरच्या तव्याला कोणता कायदा लागणार? तिथे फक्त गप्पा मारणारी, न रागावणारी आशाताईच पोचू शकते. बिडी-सिगारेटची आणखी एक लबाडी आहे. ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असला तरी माणसाला वाटतं, आपल्या हिरड्या ठणठणीत.

दुसरं मूळ मधुमेह. शुगर वाढलेली असली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीचा आजार शुगर आटोक्यात येऊ देत नाही. इथला पुरावा वाहिन्यांपेक्षा पुष्कळ सरस आहे: हिरड्यांवरच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे सरासरी शुगरचं मोजमाप, साधारण 0.4 अंकांनी उतरतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसतं. मधुमेह हा हृदयविकाराचा सख्खा सोबती असल्यामुळे हृदयाकडे जाणारी ही वळणाची वाट कदाचित सरळ वाटेपेक्षा अधिक खात्रीची ठरेल. तिसरं मूळ सांगायला सगळ्यांत अवघड: पैसा आणि सवड. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, झडप बदलता येते. हिरड्या साफ करून घ्यायला मात्र स्वतःचा खिसा आणि अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो. त्यात ‘स्केलिंग केलं की दात हलतात’ हा समज. किटण निघाल्यावर आधीच पडलेली फट उघडी दिसते, आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो.

संबंध उलट दिशेनंही चालतो, आणि त्या भागाचा रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त उपयोग आहे. बीपीसाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर येतात. औषध बदलता येतं, पण डॉक्टरला विचारून. कृत्रिम झडपेसाठी अॅसिट्रोम किंवा स्टेंटसाठी अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असताना दात काढायचा म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करणं फार धोक्याचं. दाढेतलं रक्त दाबून थांबवता येतं, झडपेवर किंवा स्टेंटमध्ये झालेली गुठळी तशी थांबत नाही. आणि खालच्या जबड्यात येणारी कळ प्रत्येक वेळी दाढेचीच नसते. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, असं सांगणाऱ्याला आधी ईसीजीकडे पाठवावं. बसूनही कळ थांबत नसेल, सोबत घाम, दम, छातीत दाब असेल तर दंतवैद्याची वेळ न घेता थेट मोठं हॉस्पिटल गाठावं.

या सगळ्यातून पुढच्या प्रकरणांची एक भूमिका ठरते. हृदयाची भीती दाखवून लोकांना दात घासायला लावणं मला पटत नाही. भाकरी चावता येणं, तोंडाला वास नसणं, साठीनंतरही स्वतःचे दात असणं ही ब्रश हाती घ्यायला पुरेशी कारणं आहेत. हृदयाचं नाव घ्यायचं ते वेगळ्यासाठी: तोंड हे माणसाच्या एकूण धोक्याची चाहूल लागण्याची स्वस्त जागा आहे. चाळिशीतल्या माणसाच्या दातांभोवती प्रोबचा काळा पट्टा ठिकठिकाणी बुडत असेल, तर त्याला शुगर, बीपी आणि तंबाखू हे तीन प्रश्न त्याच बैठकीत विचारायला हवेत. डॉक्टरकडे कधीही न जाणारा माणूस ठणकणाऱ्या दाढेपायी दंतवैद्याकडे जातोच. ती संधी दवडू नये.

अशा कामासाठी आपलं शहर सोयीचं आहे. 1956 चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, आणि 1982 चं शासकीय दंत महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. गारखेड्यात हेडगेवार रुग्णालय आहे. गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागांतून रोज जी माणसं जातात त्यांच्यात या विषयाचे न सुटलेले प्रश्न बसलेले असतात. मिसरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या आणि बीपी यांचं नातं काय? संधिवाती झडपेच्या किती रुग्णांना आपल्या तोंडाची निगा का राखायची हे कोणी समजावून सांगितलं आहे? दंत तपासणीत पहिल्यांदाच कळलेलं बीपी किंवा मधुमेह किती जणांत निघतो, आणि कळल्यावर त्यातले किती उपचारांपर्यंत पोचतात? यांची उत्तरं काढायला महागडी यंत्रं लागत नाहीत. प्रोब, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, नीट आखलेली नोंदवही आणि दोन विभागांनी एकमेकांना पाठवलेल्या चिठ्ठ्या एवढ्यावर सुरुवात होते. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी आधी हे तीन पाहावेत.

वाचताना प्रत्येक दाव्यापाशी स्वतःला विचारा: हा झडपेबद्दल आहे, वाहिनीबद्दल आहे, की सामाईक मुळांबद्दल? पुरावा सोबत आढळण्याचा आहे की कारणाचा? उपचार केल्यावर बदललं ते रक्तातलं एखादं मोजमाप, की रुग्णाचं आयुष्य? एवढ्या तीन प्रश्नांवर टिकेल तेच रुग्णाला सांगा, आणि जे टिकणार नाही त्यावर काम सुरू करा.

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर